उपेक्षित श्वानांचे पुनर्वसन : औषधोपचार आणि तात्पुरते पालकत्व
(यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात)

उपासमारीने खंगलेल्या, जखमी अथवा मालकाने टाकून दिलेल्या कुत्र्याचे पुनर्वसन म्हणजे त्याच्या रोगावरील उपचार, अशी समजूत सामान्यतः रूढ आहे. ती अपुरी आहे. औषधयोजना पशुवैद्य काही मिनिटांत ठरवितो. परंतु तिचे फळ दिसावयास कित्येक आठवडे लागतात, आणि ते आठवडे त्या प्राण्याने कोठे व कोणाच्या देखरेखीखाली काढावयाचे, हा खरा प्रश्न आहे. अशा प्राण्यास काही काळापुरते घरी सांभाळणे, यास तात्पुरते पालकत्व म्हणता येईल. उपचार व पालकत्व यांचा परस्परसंबंध यवतमाळ जिल्ह्याच्या परिस्थितीत तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

महाराष्ट्रात प्राणिचिकित्सेची परंपरा जुनी आहे. परळ येथील बाई साकराबाई दिनशा पेटिट रुग्णालयाच्या आवारात १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. नागपूरचे महाविद्यालय १९५८ सालचे. पुढे रस्त्यावरील कुत्र्यांसाठी मुंबईत ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ आणि पुण्यात ‘रेस्क्यू’ यांसारख्या संस्था उभ्या राहिल्या. या सर्व महानगरांतील सोयी होत. यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १३,५८२ चौरस किलोमीटर असून तालुके सोळा आहेत. तालुक्यांतील पशुवैद्यकीय दवाखान्यांची रचना मुख्यतः गाई-बैल, म्हशी व शेळ्या यांच्यासाठी झालेली आहे. तेथे कुत्र्यास महिनाभर ठेवून घेण्याची व्यवस्था अपेक्षितच नाही. नागपूर यवतमाळहून सुमारे दीडशे किलोमीटर दूर, आणि उमरखेडकडील गावांना तर ते अंतर याहून पुष्कळ अधिक. अशा स्थितीत रुग्णालयातील खाटेचे काम एखाद्या घराच्या पडवीलाच करावे लागते.

हे काम केवळ मायेने साधत नाही, याचे पहिले उदाहरण आहाराचे. दीर्घकाळ उपाशी राहिलेले शरीर स्वतःची चरबी व स्नायू जाळून तग धरते. अशा प्राण्यापुढे एकदम पोटभर दूध-पोळी ठेवली, तर रक्तातील इन्सुलिन वाढते आणि फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम ही द्रव्ये रक्तातून पेशींत शिरतात. रक्तातील त्यांचे प्रमाण घसरल्याने हृदय दुर्बल होते आणि प्रसंगी मृत्यू ओढवतो. दुसऱ्या महायुद्धानंतर मुक्त झालेल्या उपाशी बंदिवानांतही हाच प्रकार आढळून आला होता. म्हणून दहा किलो वजनाच्या कुत्र्याची विश्रांत अवस्थेतील ऊर्जेची गरज दिवसाला सुमारे ४०० किलोकॅलरी धरल्यास, पहिल्या दिवशी तिचा चतुर्थांश ते तृतीयांशच, तोही अनेक लहान भागांत विभागून द्यावा, आणि चार ते सात दिवसांत पूर्ण मात्रेवर यावे. दर काही तासांनी मूठभर अन्न देणे हे घरातील माणसाचेच काम आहे.

त्वचारोगांची गोष्ट तशीच. लूत भरलेल्या कुत्र्यास जळके इंजिन-ऑइल फासण्याची आणि किडे पडलेल्या जखमेत फिनेल ओतण्याची प्रथा अद्याप सर्वत्र आढळते. कुत्रे ते चाटून घेते आणि विषबाधा होते. लुतीचे दोन प्रमुख प्रकार सूक्ष्म किडीमुळे होतात. त्यांपैकी सार्कोप्टिक लूत माणसासही खाज आणते. डेमोडेक्स-जन्य लूत संसर्गजन्य नसून ती प्रतिकारशक्ती खालावल्याची खूण होय. नव्या गोळ्यांनी दोन्ही बऱ्या होतात. तथापि केस गळालेल्या कातडीस एप्रिल-मे महिन्यांतील वऱ्हाडी उन्हापासून सावली लागते, आणि ती गोळीत नसते. जननेंद्रियांवरील संसर्गजन्य अर्बुदाचे उदाहरण याहून बोलके आहे. व्हिन्क्रिस्टीन हे औषध आठवड्यातून एकदा, बहुधा चार ते सहा वेळा शिरेतून दिले असता बहुसंख्य रुग्ण बरे होतात. परंतु दोन मात्रांनंतर कुत्रे दिसेनासे झाले, तर केलेले सर्व श्रम वाया जातात.

पालकत्वाच्या आरंभी विलगीकरण अनिवार्य मानावे. डिस्टेंपर व पार्व्हो या रोगांसाठी निदान दोन आठवडे नवा प्राणी घरातील इतर कुत्र्यांपासून दूर ठेवावा. डिस्टेंपरचा धोका गावापुरता राहात नाही: १९९४ साली सेरेंगेटीतील सुमारे एक-तृतीयांश सिंह या रोगाने मेले. टिपेश्वर अभयारण्याच्या कडेला असलेल्या गावांतील कुत्र्यांचे लसीकरण हा म्हणूनच वाघांच्याही हिताचा विषय ठरतो. पिसाळरोग, म्हणजेच रेबीज, याबाबत तर गय नाही. त्याचा अधिशयनकाल आठवड्यांपासून महिन्यांपर्यंत असतो. तेव्हा आज लस टोचलेले कुत्रे आजच निर्धोक समजू नये. पालकांनी स्वतः पूर्वप्रतिबंधक लस घ्यावी, आणि चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा.

शरीर सावरले तरी भय उरते. स्कॉट व फुलर यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथानुसार पिल्लाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ माणसाशी नाते जुळण्याचा असतो. तो हुकलेल्या कुत्र्याचा विश्वास पुढे हळूहळूच मिळवावा लागतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अमेरिकेतील पाच निवाऱ्यांतील कुत्री एक-दोन रात्री घरी नेली असता त्यांच्या मूत्रातील कॉर्टिसोल घटले. निवाऱ्यात परत येताच ते पूर्वपातळीस गेले. यावरून घराचा गुण दिसतो, तशी अल्पमुदतीची मर्यादाही दिसते.

म्हणून शेवट आरंभीच ठरवावा. मूळचे रस्त्यावरचे कुत्रे २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावयाचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता हेच तत्त्व मान्य केले. मात्र ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये व बसस्थानके यांच्या आवारांतून हलविलेली कुत्री तेथेच परत सोडू नयेत, असा आदेश दिला. टाकून दिलेल्या पाळीव कुत्र्यास मात्र परतावयास जागाच नसते. त्यास कायमचे घर शोधावे लागते. प्राण्यास टाकून देणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्यास दंड दहा ते पन्नास रुपयेच.

कायद्याचा धाक एवढा तोकडा असता भिस्त संघटित सद्भावनेवरच राहते. प्रत्येक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यापाशी पालकत्व स्वीकारण्यास तयार असलेल्या पाच-दहा कुटुंबांची नोंदवही असावी. तीत कुटुंबाचे लसीकरण, विलगीकरणाची जागा आणि औषधाच्या तारखा लिहिल्या जाव्यात. यासाठी नव्या इमारतीची आवश्यकता नाही. पण ही नोंदवही नसेल, तर उत्तम औषधही निम्म्या वाटेवर थांबते.