लाट पाण्याची, प्रकाश कशाचा?

भाट्याच्या पुळणीवर भरतीच्या वेळी गुडघाभर पाण्यात उतरावं आणि लाटा मोजाव्यात. उभं राहिलं की त्या ठरावीक लयीत अंगावर येतात. समुद्राकडे चालू लागलं की भराभर येतात. किनाऱ्याकडे पळत सुटलं, तर मागची लाट आपल्याला गाठायला वेळ लावते. काजळी नदीच्या मुखातून बाहेर पडणाऱ्या होडीवरच्या माणसाला हे पायाखालीच कळतं. लाटेचा वेग पाण्याच्या हिशेबाने ठरलेला असतो. आपण पाण्यातून जसे सरकू, तसा तो आपल्याला कमीजास्त भासतो.

आता तीच होडी रात्री रत्नदुर्गाच्या दीपगृहाकडे येते आहे असं समजा. झोत तिच्याकडे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने येतो. होडी जोरात हाकली, तर तो अधिक वेगाने भेटायला हवा. तसं होत नाही. होडी उलट फिरवा, आकडा तोच. प्रकाशाच्या रंगात अतिसूक्ष्म फरक पडेल, वेगात पडणार नाही. होडी फारच हळू जाते म्हणून फरक कळत नसेल, अशी शंका कुणालाही येईल, आणि ती रास्त आहे. शास्त्रज्ञांनी म्हणूनच होडीऐवजी पृथ्वी घेतली.

पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने धावते. लाटेला जसं पाणी, तसं प्रकाशाला 'ईथर', अशी तेव्हाची समजूत. १८८७ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला मायकेलसन आणि मोर्ले यांनी पाऱ्यावर तरंगणाऱ्या दगडी शिळेवर आरसे बसवले. एका किरणाचे दोन भाग काटकोनात धाडायचे, परत आणून एकत्र पाडायचे आणि शिळा सावकाश फिरवत राहायचं. ईथर असतं, तर दोन्ही भागांचा वेग वेगळा भासून, ते एकत्र पडल्यावर दिसणारे उजेड-अंधाराचे पट्टे एका पट्ट्याच्या ०.४ इतके सरकायला हवे होते. सरकले म्हणावं असं काहीच दिसलं नाही.

खरं तर प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच, हे मॅक्सवेलच्या समीकरणांत आधीच दडलं होतं. वीज आणि चुंबकत्वाच्या स्थिरांकांतून प्रकाशाचा वेग निघत होता आणि मोजणारा उभा आहे की धावतो आहे, याचा त्यात उल्लेखच नव्हता. १९०५ मध्ये २६ वर्षांच्या आइन्स्टाइनने ते जसंच्या तसं मान्य केलं. एकसमान वेगाने जाणाऱ्या सगळ्यांना निसर्गाचे नियम सारखेच, म्हणून हा वेगही सारखाच. वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. भागाकार बदलणार नसेल, तर अंतर आणि वेळ यांनाच बदलावं लागेल. सगळ्यांचा काळ एकाच चालीने चालतो, हे आपण गृहीत धरलं होतं. तपासलं कधीच नव्हतं. माझ्या मते आइन्स्टाइनचं सगळं धाडस या एका जागी आहे. हा वेग अवकाश आणि काळाच्या विणीतलाच आहे; ज्याला वस्तुमान नाही, ते त्याच वेगाने जातं. प्रकाश त्यांतला एक.

सगळ्यांचा काळ एकाच चालीने चालत नाही, याचा पुरावा आभाळातून पडत असतो. वैश्विक किरण वातावरणावर आदळून सुमारे १५ किलोमीटर उंचीवर म्युऑन नावाचे कण जन्मतात. त्यांचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगाने धावूनही तेवढ्यात जेमतेम ६६० मीटर अंतर कापलं जाईल. तरी ते समुद्रसपाटीला पोचतात, कारण आपल्या हिशेबाने त्यांचा काळ संथ चालतो. त्यांच्या हिशेबाने वातावरणाची जाडीच आक्रसलेली असते. अशा अल्पायुषी कणांवरून आइन्स्टाइनच्या काळाची थेट परीक्षा घेता येईल, हे १९३८ मध्ये दाखवून दिलं मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांनी.

भाट्याला गेलात, तर सुरूच्या बनाबाहेर उभे राहून तळहात आभाळाकडे करा. दर सेकंदाला साधारण एक म्युऑन त्यातून आरपार जातो.