गुंडाळलेली कमान

सराफ्यातील पेढ्या रात्री बंद झाल्या की त्यांच्या ओट्यांपुढे खवय्यांची गर्दी जमते, हे इंदूरकरांस सांगावयास नको. ज्या बंद शटरास पाठ टेकून आपण भुट्ट्याचा कीस खातो, त्याच्या माथ्यावर त्या वेळी केवढी शक्ती कोंडलेली असते, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही.

शटराच्या वरच्या आडव्या नळीवर पोलादी पट्टीच्या स्प्रिंगा, म्हणजेच आपल्या जुन्या भाषेत कमानी, बसविलेल्या असतात. शटर खाली येताना त्या गुंडाळल्या जातात व वर नेताना ती शक्ती परत देतात. एवढे जड शटर एका माणसाने उचलते ते यामुळेच. म्हणजे दुकान बंद असते तेव्हा कमान सर्वाधिक ताणलेली असते. शटर अडकले की घरचाच कोणी उत्साही गृहस्थ शिडी लावतो आणि नेमक्या याच स्थितीत वरचे बोल्ट सैल करू लागतो! नळी गर्रकन फिरते. पाना आणि मनगट दोन्ही तिच्याबरोबर जातात. शटर वर गेले तरी कमानीत काही ताण उरतोच.

विस्तव दिसतो, उकळते पाणी वाफाळते. कमान मात्र थंड, निश्चल व मुकी असते, आणि आमच्या मते तिचा खरा धोका हाच. रॉबर्ट हूकने १६७८ साली प्रसिद्ध केलेला कमानीचा नियम मुले परीक्षेपुरता पाठ करतात. त्यातून निघणारे गणित मोठ्यांनीही ध्यानी धरावे. कमान दुप्पट दाबली तर तीत चौपट शक्ती साठते. तीनशे किलो भाराने दहा सेंटिमीटर दबलेली कमान सुटली, तर पंधरा किलोचे वजन एक मीटरवरून कोसळावे एवढी शक्ती निमिषार्धात मोकळी होते.

मोटारीच्या पुढील चाकाजवळच्या शॉकरभोवती अशीच कमान असते. ती शिकंजात घट्ट आवळल्याखेरीज माथ्यावरील मधला नट काढू नये. शिकंजाचे आकडेही समोरासमोर हवेत, एका अंगाला नव्हेत. ट्रकच्या हवेच्या ब्रेकमधील डबा तर साध्या गॅरेजात उघडूच नये.

गॅरेजात बॅटरी धरून उभी असलेली पोरे कुतूहलाने नेमकी कमानीच्या तोंडासमोर वाकतात. काम सुरू होण्यापूर्वी मिस्त्रीने त्यांना बाजूस घ्यावे.