सुटकेनंतरही कोंडीच?

मुंबईतील कामाठीपुरा परिसरात १९९६ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी मोठे छापे घातले आणि चारशेहून अधिक मुली व स्त्रिया कुंटणखान्यांतून बाहेर काढल्या. त्यांत नेपाळी मुली बऱ्याच होत्या. त्या एड्स घेऊन परततील, अशी भीती नेपाळमध्ये उघड बोलली गेली; तेथील सरकारनेही चालढकल केली. अखेर स्वयंसेवी संस्थांनी त्याच वर्षी शंभराहून अधिक मुलींना मायदेशी नेले. ज्यांच्यावर रोग लादला गेला त्यांनाच त्याचे मूळ ठरविण्याची ही वृत्ती केवळ नेपाळची नाही; आपणही तिच्यापासून मुक्त नाही.

वस्तुस्थिती काय आहे? अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २००७ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. या व्यवसायात विकल्या जाऊन पुढे नेपाळला परतलेल्या २८७ मुली व स्त्रियांपैकी ३८ टक्के एचआयव्हीबाधित आढळल्या. वयाची पंधरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच विकल्या गेलेल्या ज्या ३३ जणींची माहिती मिळाली, त्यांतील २० बाधित होत्या. बंदिवास जितका दीर्घ, तितका धोका अधिक, असेही दिसून आले.

याची कारणे शोधण्यास दूर जावे लागत नाही. दलालाला मोजलेली किंमत मुलीच्याच नावावर कर्ज म्हणून मांडली जाते. ते फिटेपर्यंत तिच्या हाती पैसा नसतो, दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही आणि गिऱ्हाईक नाकारण्याची मुभा नसते. अशा मुलीला निरोधचे महत्त्व सांगून काय उपयोग? कोवळ्या शरीराला इजा लवकर होते व जखमांतून संसर्गाला वाट मिळते. कोंदट खोल्यांत क्षय पसरतो आणि प्रतिकारशक्ती ढासळलेल्या देहात तो बळावतो. मारहाणीच्या खुणा डॉक्टरांना दाखवाव्यात, तर घरवालीचा धाक आणि पोलिसांचे भय आडवे येते.

कायद्याने या प्रश्नाची दखल घेतली नाही असे नव्हे. १९५६ च्या अनैतिक व्यापारविषयक कायद्यात १९८६ साली दुरुस्ती होऊन सुटका झालेल्या स्त्रीचे वय, इजा आणि गुप्तरोग यांसाठी वैद्यकीय तपासणीची तरतूद झाली. परंतु तपासणी म्हणजे उपचार नव्हेत. २०१७ च्या कायद्याने संमतीवाचून एचआयव्ही चाचणी करण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये, अत्याचारपीडित वेश्याव्यवसायी स्त्रीला तात्काळ वैद्यकीय मदत मिळावी आणि सज्ञान स्त्रियांना इच्छेविरुद्ध संरक्षणगृहांत डांबले जाऊ नये, या दिशेने निर्देश दिले. कुलपाची किल्ली घरवालीकडून अधीक्षकाकडे गेली, एवढ्याने सुटका होत नाही, हेच यातून अभिप्रेत आहे.

मग छापे नकोत काय? अल्पवयीन मुलींची आणि बळजबरीने डांबलेल्यांची सुटका झालीच पाहिजे. मात्र तिच्या पाठोपाठ उपचार, गुप्तता आणि पोटापाण्याची सोय आली नाही, तर जुना दलाल पुन्हा दारात उभा राहतो. कोलकात्याच्या सोनागाछीत १९९२ पासून वस्तीतील स्त्रियाच आरोग्यसेविका झाल्या आणि एकटीला जो आग्रह धरता येत नव्हता तो त्यांनी संघटितपणे धरला. वस्तीत नवी मुलगी आणली गेली की तिची खबर प्रथम अशाच स्त्रियांना लागते. शासनाने त्यांना आरोपी न मानता साहाय्यक मानावे आणि सरकारी रुग्णालयाचे दार पोलीस चौकीतून जाणार नाही, याची हमी द्यावी. ज्या मुलीला आपल्या शरीरावरचा हक्कच नाकारला गेला, तिच्या बाबतीत आरोग्यरक्षणाचा आरंभ तो हक्क परत करण्यापासूनच व्हावयास हवा.