किंग्ज क्रॉसला लिफ्ट कशी आली

लंडनला मुलाकडे किंवा मुलीकडे जाणारे आपल्याकडचे आजी-आजोबा हीथ्रो विमानतळावर पिकॅडिली लाइनच्या गाडीत बसतात, तेव्हा ती गाडी त्यांना कुठेही न बदलता थेट किंग्ज क्रॉस सेंट पँक्रसला आणते. जड बॅगा आणि दुखरे गुडघे घेऊन ते लिफ्टने वर येतात आणि एकही पायरी न चढता रस्त्याला लागतात. यात सांगण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण या स्थानकात पहिली भुयारी गाडी आली 1863 मध्ये, आणि रस्त्यापासून प्रत्येक फलाटापर्यंत पायऱ्यांविना जाण्याची सोय पूर्ण झाली 2010 मध्ये. मध्ये 147 वर्षं गेली. ती कशात गेली, हे पाहिलं की शहरं कुणाला मोजतात आणि कुणाला वगळतात, ते स्वच्छ दिसतं.

10 जानेवारी 1863 रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही जगातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली. किंग्ज क्रॉस हे तिच्यावरचं स्थानक. रस्ता खणायचा, रूळ टाकायचे आणि वरून छत घालून रस्ता पूर्ववत करायचा, अशा पद्धतीचं ते काम होतं. त्यामुळे फलाट फार खोल नव्हते आणि जिने पुरेसे होते. पुढे 1906 मध्ये पिकॅडिली लाइन आली. 1907 मध्ये आज नॉर्दर्न लाइनचा भाग असलेला मार्गही इथे पोचला. हे दोन्ही मार्ग मातीच्या पोटात खोलवर बोगदे खणून केलेले. एवढ्या खोलीवर रोज हजारो माणसांना जिन्याने कोण पाठवणार? म्हणून त्या काळच्या खोल स्थानकांत लिफ्ट सुरुवातीपासून होत्या. मात्र त्या गर्दीची ने-आण करण्यासाठी होत्या. बहुतेक ठिकाणी लिफ्ट फलाटाच्या थोडी वर थांबायची आणि उरलेल्या पायऱ्या ज्याच्या त्याने उतरायच्या. चालता न येणारा माणूस गाडीने जाईल, ही कल्पनाच आराखड्यात नव्हती.

1911 मध्ये अर्ल्स कोर्ट स्थानकात लंडनच्या भुयारी रेल्वेतला पहिला सरकता जिना बसला. लिफ्टची वाट पाहावी लागते, सरकत्या जिन्याची नाही. गर्दी हलवायला तो केव्हाही सरस. हळूहळू मोठ्या स्थानकांतल्या लिफ्ट गेल्या आणि त्यांच्या जागी सरकते जिने आले. किंग्ज क्रॉसला ते दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर बसले, लाकडी पायऱ्यांचे. धडधाकट प्रवाशाचे चार क्षण वाचले. काठी, कुबडी किंवा चाकाच्या खुर्चीवर अवलंबून असलेल्याचा रस्ता मात्र बंद झाला आणि त्याची कुठे नोंदही झाली नाही.

पुढचा टप्पा याहून बोलका आहे. 1 डिसेंबर 1968 रोजी नवी व्हिक्टोरिया लाइन किंग्ज क्रॉसला पोचली. गाडी आपोआप चालवणारी यंत्रणा या मार्गावर सुरुवातीपासून होती. चालकाने दारं बंद करून बटणं दाबायची, पुढचं सगळं गाडी स्वतः करायची. एवढं तंत्रज्ञान हाताशी असलेल्या देशाने या कोऱ्या, पहिल्यापासून आखलेल्या मार्गावर व्हीलचेअरची सोय केली नाही. तंत्र होतं, अभियंते होते, जमीन खणलेलीच होती. कमी होती ती फक्त मागणी ऐकून घेणाऱ्याची. दोनच वर्षांनी, 1970 मध्ये, खासदार आल्फ मॉरिस यांच्या प्रयत्नांतून ब्रिटनमध्ये दीर्घ आजारी आणि अपंग व्यक्तींसाठी कायदा झाला. सार्वजनिक इमारतींत त्यांची सोय करावी असं तो सांगत होता, पण व्यवहार्य आणि वाजवी असेल तिथेच. भुयारी रेल्वेच्या बाबतीत व्यवहार्य काय, हे ठरवणारे चालते-फिरते लोकच होते.

मग 18 नोव्हेंबर 1987 ची संध्याकाळ आली. कुणीतरी टाकलेली जळती काडी पिकॅडिली लाइनच्या लाकडी सरकत्या जिन्याच्या फटीतून खाली पडली. जिन्याखाली वर्षानुवर्षांचं वंगण, धूळ आणि कागदाचे कपटे साचले होते. त्यांनी पेट घेतला आणि काही मिनिटांतच आगीचा लोळ वरच्या तिकीट हॉलमध्ये घुसला. 31 माणसं गेली. डेस्मंड फेनेल यांच्या चौकशीनंतर लाकडी सरकते जिने काढायचं ठरलं आणि सुरक्षेचे नियम कडक झाले. गर्दीने तुंबलेल्या या स्थानकाला मोकळं करण्याचा विषयही ऐरणीवर आला.

आगीच्या भीतीची दुसरी बाजू अपंग प्रवाशांच्या वाट्याला आली होती. खोल बोगद्यांतल्या मार्गांवर व्हीलचेअर नेण्यास 1993 पर्यंत बंदी होती. कारण सुरक्षेचं होतं: आग लागली तर व्हीलचेअरवरच्या माणसाला बाहेर कसं काढणार? ज्याला बाहेर काढणं अवघड, त्याला आतच येऊ द्यायचं नाही, असा तो हिशेब होता. सुटकेची वाट बांधण्याऐवजी माणूसच वगळला. सुरक्षिततेच्या नावाखाली याहून मोठा अन्याय क्वचितच झाला असेल.

हा हिशेब मोडून काढला तो अपंग माणसांनी स्वतः. 1990 च्या आसपास ते लंडनच्या रस्त्यांवर उतरले, बससमोर व्हीलचेअर उभ्या केल्या, स्वतःला बसला हातकड्यांनी जखडून घेतलं. त्यांना दया नको होती, तिकीट काढून प्रवास करायचा होता. 1995 मध्ये अपंगांशी भेदभाव करण्याविरुद्धचा कायदा झाला. 1999 मध्ये जुबिली लाइन वाढवली गेली, तेव्हा वेस्टमिन्स्टरपासून स्ट्रॅटफर्डपर्यंतच्या त्या नव्या टप्प्यावर प्रत्येक फलाटाला लिफ्ट होती. कागदावरच लिफ्ट आखली की ती स्थानकाचाच भाग होते, हे त्या मार्गाने सिद्ध केलं.

किंग्ज क्रॉसचं काम मात्र आधी बांधून मग सुधारण्याचं होतं, आणि ते कितीतरी अवघड. इथे 6 लाइन एकमेकींच्या वर-खाली, आडव्या-तिरक्या जातात. वर दोन मोठी रेल्वे टर्मिनस आणि वाहता युस्टन रोड. एका सरळ उभ्या विहिरीतून सगळे फलाट गाठता येत नाहीत. लिफ्ट एका पातळीपर्यंत येते, तिथून आडवा बोगदा खणावा लागतो, मग दुसरी लिफ्ट. आणि हे सगळं करताना गाड्या थांबवायच्या नाहीत. एवढा खर्च केवळ व्हीलचेअरसाठी कुणी मंजूर केला नसता, आणि केलाही नाही. पैसा आला तो दुसऱ्या कारणांनी. युरोपकडे जाणाऱ्या युरोस्टार गाड्या नोव्हेंबर 2007 मध्ये वॉटर्लूहून शेजारच्या सेंट पँक्रसला आल्या, त्या गर्दीसाठी भुयारी स्थानक वाढवणं भाग होतं. 2005 मध्ये लंडनला 2012 चं ऑलिंपिक मिळालं, आणि स्ट्रॅटफर्डला जाणाऱ्या वेगवान गाड्या इथूनच सुटणार होत्या. पश्चिमेकडचा तिकीट हॉल 2006 मध्ये उघडला, उत्तरेकडचा नोव्हेंबर 2009 मध्ये. या विस्ताराबरोबर लिफ्ट आल्या आणि 2010 मध्ये साखळी पूर्ण झाली. व्हिक्टोरिया लाइनच्या फलाटाचा ठरावीक भाग उंच केला गेला. त्यामुळे तिथे गाडीचा तळ आणि फलाट एका पातळीवर येतात आणि व्हीलचेअर कुणाच्या मदतीशिवाय आत जाते. हा छोटासा उंचवटा मला लिफ्टइतकाच मोलाचा वाटतो. शेवटच्या चार इंचांसाठी कुणाला हाक मारावी लागत असेल, तर प्रवास स्वतंत्र झाला असं म्हणता येत नाही.

म्हणजे या स्थानकाला लिफ्ट मिळाली ती गर्दीमुळे, परदेशी गाड्यांमुळे आणि खेळांच्या सोहळ्यामुळे. लंडनच्या इतर स्थानकांतही हेच दिसतं. ग्रीन पार्कला सोय झाली 2011 मध्ये, ऑलिंपिकच्या तोंडावर. टॉटनहॅम कोर्ट रोड आणि बाँड स्ट्रीटला झाली ती नव्या क्रॉसरेल मार्गाच्या कामात. जिथे असं दुसरं मोठं कारण आलं नाही, तिथे अपंग प्रवासी अजून ताटकळतो आहे. शहराच्या मध्यावरच्या, गर्दीने ओसंडणाऱ्या ऑक्सफर्ड सर्कसला आजही फलाटापर्यंत पायऱ्यांविना जाता येत नाही. किंग्ज क्रॉसच्या शेजारचं युस्टन घ्या. तिथल्या भुयारी स्थानकाचा कायापालट एचएस-2 या वेगवान रेल्वेच्या गाठीला बांधला गेला. ती रखडली आणि तोही रखडला. दुसऱ्या बाजूचं शेजारी स्थानक रसेल स्क्वेअर. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हे लहान मुलांचं जगप्रसिद्ध रुग्णालय तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. स्थानकात लिफ्ट आहे, पण लिफ्टमधून उतरल्यावर फलाटाला जायला पायऱ्या आहेत. आजारी लेकराला व्हीलचेअरमध्ये घेऊन आलेल्या आईने तिथे काय करायचं?

2016 मध्ये महापौर सादिक खान यांच्या काळात 2022 पर्यंत 40 टक्के भुयारी स्थानकं पायऱ्यांविना करण्याचं उद्दिष्ट ठरलं. ते गाठलं गेलं नाही. 272 स्थानकांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच मजल गेली. एक उजळ पान मात्र आहे. क्रॉसरेलच्या मूळ आराखड्यात 7 स्थानकं लिफ्टविना राहणार होती. ‘ट्रान्सपोर्ट फॉर ऑल’ या अपंगांच्या संघटनेने सतत निदर्शनं केली, पाठपुरावा केला, आणि 2014 मध्ये त्या स्थानकांसाठीही निधी मंजूर झाला. मे 2022 मध्ये एलिझाबेथ लाइन या नावाने तो मार्ग सुरू झाला, आज त्याची सगळी 41 स्थानकं पायऱ्यांविना आहेत. इथे ऑलिंपिक नव्हतं की युरोस्टार नव्हती. केवळ हक्क म्हणून मागितलं आणि मिळवलं.

लिफ्ट बसली म्हणजे संपलं, असंही नाही. ती चालवायला, बिघडली तर दुरुस्त करायला आणि अडचणीत मदतीला माणसं लागतात. लंडनमध्ये कर्मचारी कमी पडले म्हणून चांगल्या लिफ्ट बंद ठेवल्या गेल्याचं अनेकदा घडलं आहे. आणि ऑगस्ट 2024 मध्ये याच किंग्ज क्रॉसच्या वरच्या रेल्वे टर्मिनसवर जे झालं, ते साऱ्या ब्रिटनने वाचलं. पॅरालिंपिकमध्ये 11 सुवर्णपदकं जिंकलेल्या आणि संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या सदस्य असलेल्या टॅनी ग्रे-थॉम्पसन पॅरिसच्या पॅरालिंपिकला निघाल्या होत्या. लीड्सहून आलेली त्यांची गाडी फलाटाला लागली, सगळे प्रवासी उतरून गेले. उतरणीची फळी घेऊन कुणी आलंच नाही. वाट पाहून शेवटी त्यांनी सामान आणि व्हीलचेअर पुढे ढकलली आणि स्वतः सरपटत खाली उतरल्या. ज्यांचा शब्द संसदेत ऐकला जातो, त्यांची ही गत. मग ज्याचं कुणीच ऐकत नाही त्याचं काय होत असेल?

मुंबईच्या भुयारी मेट्रोत आणि पुण्याच्या जमिनीखालच्या स्थानकांत लिफ्ट पहिल्या दिवसापासून आहे. लंडनला दीड शतक लागलं, ते आपल्याला सुरुवातीलाच मिळालं, ही समाधानाची गोष्ट. आपल्याकडे दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा आहे. सुगम्यतेच्या अटी केवळ शिफारशी म्हणून ठेवून चालणार नाहीत, त्या बंधनकारक हव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी यांच्या याचिकेवर बजावलं आहे. पण स्थानकाबाहेरचा उखडलेला पदपथ, रिक्षा आणि टपऱ्यांनी अडवलेली लिफ्टची वाट, ‘दुरुस्ती चालू आहे’ असा आठवडे लटकणारा फलक, यांना न्यायालय रोज कुठे पुरं पडणार? म्हणून वाचकांना एकच विनंती. तुमच्या स्थानकातली लिफ्ट बंद दिसली, तर तुम्हाला जिना चढता येतो म्हणून पुढे जाऊ नका. दोन मिनिटं थांबा, लेखी तक्रार नोंदवा, तक्रारीचा क्रमांक घ्या आणि लिफ्ट सुरू होईपर्यंत मागे लागा. किंग्ज क्रॉसचा इतिहास हेच सांगतो, की मागे लागणारं कुणी नसेल तर लिफ्ट दुसऱ्या कुणाच्या सोयीची वाट पाहत राहते.