गवताचा माळ पडीक नसतो

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीच्या डोंगरावर शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. भिक्षूंनी पावसाळ्यात एके ठिकाणी राहावे, या वर्षावासाच्या नियमाचे कारण विनयपिटकातील महावग्गात नोंदलेले आहे. पावसात हिंडणारे भिक्षू हिरवे गवत तुडवितात, त्यात बारीक जीवांचा नाश होतो, अशी लोकांची तक्रार होती. ती ऐकून तथागतांनी हा नियम घालून दिला. गवत जपण्याची जाणीव इतकी प्राचीन आहे.

वसाहतकालीन महसूल व्यवस्थेने मात्र, जिच्यातून शेतसारा मिळत नाही ती जमीन 'पडीक' ठरविली. दप्तराने लावलेली ओळख किती अन्यायकारक असू शकते, हे आपल्या समाजाला सांगावयास नको. प्रत्यक्षात गवताची तंतुमय मुळे उतारावरची माती धरून ठेवतात आणि पाणी जमिनीत मुरवितात. काही पक्षी गवतातच घरटी करतात; अनेक फुलपाखरांच्या अळ्या गवतावरच वाढतात.

१९५० मध्ये देशात वनमहोत्सव सुरू झाला. त्यामागील हेतू उदात्त होता. परंतु गिरिपुष्प, सुबाभूळ यांसारखी मध्य अमेरिकेतून आलेली, झपाट्याने वाढणारी झाडे माळावर लावली की त्यांच्या सावलीत ऊन मागणारे गवत मरते. घाणेरी आणि रानमोडी ही झुडपेही परदेशीच. ती उरलेली जागा व्यापतात. म्हणून माळाच्या पुनरुज्जीवनाचे पहिले काम रोप लावण्याचे नसून उपरे तण काढण्याचे आहे.

स्वयंसेवकांनी हे काम क्रमाने करावे. घाणेरी जमिनीच्या वर छाटली तर पुन्हा फुटते. म्हणून तिचा बुंधा मुळाच्या सुरुवातीशी, मातीखाली तोडावा आणि झुडूप उलटे करून ठेवावे. पावसाने माती मऊ झाली की लहान रोपे मुळासकट उपटता येतात. पावसाळा सरल्यावर जवळच्याच माळावरून पवना, मारवेल, डोंगरी अशा स्थानिक गवतांचे पिकलेले बी थोडे थोडे गोळा करावे आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर मोकळ्या जागी पसरावे. पक्ष्यांच्या विष्ठेतून घाणेरीचे बी पुन्हा येतच राहते; त्यामुळे पुढील काही वर्षे त्याच जागी परत जावे लागते. राष्ट्रीय उद्यानात मात्र यातील कोणतेही काम वनखात्याची परवानगी आणि देखरेख यांशिवाय करू नये.

एक सावधगिरीही आवश्यक आहे. साताऱ्याजवळील कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारसास्थळ ठरले. फुलांच्या रक्षणासाठी तेथे कुंपण घातले गेले, गुरांची चराई थांबली. पुढे उंच गवत माजून फुले घटल्याची तक्रार स्थानिकांनीच केली आणि अखेर कुंपण काढण्यात आले. मर्यादित चराई हाही माळाच्या जीवनाचा भाग असतो. ज्यांची गुरे तेथे पिढ्यान्‌पिढ्या चरली, त्यांना न विचारता केलेले रक्षण अपुरे ठरते.

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली येथे राहणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी पुढील श्रमदानाला निघताना प्रथम एक प्रश्न विचारावा : या जागेवर आधी काय उगवत होते? उत्तर गवत असे मिळाले, तर खड्डे खणू नयेत. त्या दिवशी किती रोपे लावली याऐवजी किती घाणेरी निघाली, याची नोंद ठेवावी. आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा जावे.