वऱ्हाडचे आकाश : लेखांक सहावा – मेळाव्याची तिथी
आकाशदर्शनाचा मेळावा म्हटला की अमावास्येची रात्र आणि चिखलदऱ्याचा माथा हेच चित्र आपल्या मनात उभे राहते. तेजोमेघ आणि अंधुक तारकागुच्छ यांना तो काळोख हवाच; परंतु चंद्र, गुरू, शनी हे मुळातच इतके तेजस्वी आहेत की शहरातील दिव्यांनी त्यांचे फारसे बिघडत नाही, आणि म्हणून ज्यांना घाट चढून थंडीत रात्र काढणे झेपत नाही अशा वृद्धांसाठी व बालकांसाठी अमरावती-अकोल्यातील एखाद्या शाळेचे मोकळे पटांगण सर्वस्वी पुरेसे आहे, असे माझे निश्चित मत आहे.

अशा मेळाव्याच्या संयोजकाचे पहिले दप्तर म्हणजे घरातील पंचांग. सूर्य व चंद्र यांच्यातील अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते. त्यामुळे तिथी कळली की चंद्राची कलाही कळते. शुद्ध पंचमीपासून दशमीपर्यंत चंद्रावरील प्रकाश आणि अंधार यांच्या सीमेवर ऊन तिरपे पडते व विवरांच्या कडांच्या सावल्या लांबवर पसरतात. पौर्णिमेस त्या लोपतात आणि तेच बिंब दुर्बिणीतून सपाट भासते. सप्तमी-अष्टमीस दिसणारे थिऑफिलस हे विवर सुमारे १०० किलोमीटर रुंद आहे. आपले लोणार जेमतेम पावणेदोन किलोमीटरांचे, हे सांगितले की पाहणाऱ्यास त्या विस्ताराची कल्पना येते.

आता २०२७ सालचा फेब्रुवारी पाहा. गुरूची प्रतियुती ११ तारखेच्या सुमारास, मंगळाची १९ तारखेस, आणि या दोहोंच्या मध्ये १३ तारखेला, शनिवारी, माघ शुद्ध सप्तमी म्हणजे रथसप्तमी येते. सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होईल. प्रथम, सात वाजता, पश्चिमेकडे कललेला शनी दाखवावा, कारण तो नवाच्या सुमारास क्षितिजाजवळ जातो. २०२५ साली कडेवर आलेली त्याची कडी एव्हाना पुन्हा उघडू लागलेली असतील. नंतर माथ्याजवळचा चंद्र घ्यावा. पूर्वेस उगवलेल्या गुरूची मात्र घाई करू नये. क्षितिजालगतच्या दाट, चंचल हवेत बिंब थरथरते, म्हणून तो साडेआठनंतर पुरेसा वर आल्यावर त्याचे पट्टे आणि गॅलिलिओने १६१० साली पाहिलेले चार चंद्र दाखवावेत. मघेच्या परिसरातील मंगळ शेवटी. या खेपेस तो सुमारे १० कोटी किलोमीटर दूर असल्याने बिंब लहानच दिसेल, हे आधीच सांगून ठेवावे.

दुर्बिणीचा बंदोबस्तही विचारपूर्वक करावा. दिवसभर तापलेली गच्ची रात्री उष्णता सोडते आणि प्रतिमा हलवते, म्हणून दुर्बीण मातीच्या मैदानावर, तासभर आधी उघड्यावर ठेवावी. साठ माणसांनी एकेक मिनिट पाहिले तरी एका ग्रहास एक तास लागतो. सबब शंभरावर मंडळी येणार असतील तर निदान तीन दुर्बिणींची तजवीज हवी.

वाचकहो, पंचांग उघडा, तिथी मुक्रर करा आणि पटांगणासाठी मुख्याध्यापकांकडे आजच अर्ज द्या. ज्यांनी शनीची कडी आजवर केवळ पुस्तकातील चित्रात पाहिली, त्यांना ती प्रत्यक्ष दाखवणे आपल्या हाती आहे.