निवृत्त हातांचे विमान

अमेरिकेत अशी कितीतरी जोडपी आहेत, की ज्यांनी नोकरी संपल्यावर घरच्या मोटारखान्यात स्वतःच्या हातांनी विमान बांधले आणि पुढे वर्षामागून वर्षे त्यातून दोघांनी मिळून प्रवास केला. आपल्याकडे ही गोष्ट सांगितली की ऐकणारा एकतर म्हणतो, "पैसेवाल्यांचे चोचले!" नाहीतर म्हणतो, "काय अचाट बुद्धीची माणसे!" आम्हांला हे दोन्ही उद्गार अपुरे वाटतात. या मंडळींत गडगंज श्रीमंत थोडे आणि अलौकिक बुद्धीचे त्याहून थोडे. यांत फिटर असतात, शाळामास्तर असतात, विजेची कामे केलेले असतात, कचेरीत जन्म घालवलेलेही असतात. त्यांच्यापाशी तीन गोष्टी असतात : हुन्नर, मोकळा वेळ आणि महिन्याच्या महिन्याला घरी येणारे निवृत्तिवेतन. पैकी हुन्नर माणूस एकट्याने कमावू शकतो. उरलेल्या दोन गोष्टी एकट्याने मिळत नाहीत. ही गोष्ट ध्यानात ठेवून आपण या घरगुती विमानाकडे पाहू.

घरी विमान बांधणे ही नवी टूम नव्हे. विमानाचा जन्मच मुळी सायकलच्या दुकानात झाला. राइट बंधू हे ओहायो राज्यातील डेटन गावचे सायकलवाले. त्यांना हलके इंजिन कोणी कारखानदार बनवून देईना, तेव्हा त्यांच्या दुकानातील कारागीर चार्ली टेलर याने लेथ, ड्रिल आणि हातहत्यारे यांच्या बळावर सहा आठवड्यांत ते घडवले. १७ डिसेंबर १९०३ रोजी ते विमान पहिल्या खेपेस १२ सेकंद हवेत राहिले व १२० फूट गेले. राइट बंधूंचे नाव पोराटोरांना ठाऊक आहे. टेलरचे किती जणांना ठाऊक असेल? १९५५ साली हा म्हातारा कॅलिफोर्नियातील एका रुग्णालयात धर्मादाय खाटेवर पडलेला आढळला. बातमी फुटली तेव्हा विमानधंद्यातील लोकांनी पैसे उभे करून त्याची बरी सोय केली. पण पुढच्याच वर्षी तो वारला. आज त्याचा जन्मदिवस, २४ मे, हा अमेरिकेत विमान-दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांचा दिवस म्हणून पाळतात. जगातील पहिल्या विमानाचे इंजिन करणारे हात म्हातारपणी रिकामे राहिले, एवढे तूर्त लक्षात असू द्यावे.

त्यानंतरच्या काळात हौशी माणसे विमाने बांधतच राहिली. मिनेसोटा राज्यातील बर्नार्ड पीटनपोल याने १९२९च्या सुमारास लाकडी सांगाड्यावर फोर्ड मोटारगाडीचे इंजिन बसवून विमान उडवले, आणि त्याच्या नकाशांवरून आजही लोक विमाने बांधतात. मात्र सरकारी नियम जसजसे आवळले, तसतसे कारखान्यात न झालेल्या विमानाला परवाना मिळणे दुरापास्त झाले. ओरेगॉन राज्य तेवढे आपल्या वेगळ्या परवान्यामुळे मोकळे राहिले. दुसरे महायुद्ध संपल्यावर त्याच राज्यातील जॉर्ज बोगार्डस हा १९४७ साली आपले चिमुकले घरगुती विमान उडवीत थेट राजधानी वॉशिंग्टनला गेला आणि अधिकाऱ्यांपुढे त्याने हौशी बांधणाऱ्यांची मागणी मांडली. अर्ज हातात घेऊन जाणारे पुष्कळ असतात. हा पुरावाच चालवीत घेऊन गेला! पुढे नियमांत अशा विमानांसाठी 'प्रायोगिक' हा स्वतंत्र वर्ग झाला. बोगार्डसचे ते विमान आज तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवलेले आहे.

वाट मोकळी झाली, आता तिच्यावरून चालणाऱ्यांची संघटना हवी होती. ती २६ जानेवारी १९५३ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात उभी राहिली. लष्करी वैमानिक पॉल पोबेरेझ्नी आणि त्याची पत्नी ऑड्री यांच्या घरचे तळघर हीच तिची पहिली कचेरी. सुरुवातीला पत्रे लिहिणे, सभासदांच्या नोंदी ठेवणे ही कामे ऑड्री करीत असे. ज्यांनी कधी युनियनची कचेरी चालवली आहे त्यांना या कामाचे मोल सांगायला नको. या संघटनेतील जाणते सभासद नवख्याच्या मोटारखान्यात जातात, त्याचे काम फुकट तपासतात आणि चुका दाखवतात. एकट्या माणसाने एकट्याच्या अकलेने बांधलेले विमान ही गोष्ट ऐकायला गोड असली, तरी प्रत्यक्षात प्रत्येक विमानामागे अशी दहा माणसे उभी असतात.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी वा मनोरंजनासाठी केलेले असले पाहिजे. काम चालू असतानाची छायाचित्रे व नोंदी तो ठेवतो आणि शेवटी सरकारी तपासनीस विमान पाहून परवाना देतो. विमानावर 'एक्स्पेरिमेंटल' ही अक्षरे ठळक रंगवावी लागतात. आत उतारूच्या नजरेस पडेल अशी पाटी असते, की हे विमान हौशी माणसाने बांधलेले असून कारखानी विमानांचे सुरक्षा-नियम याला लागू नाहीत. भाडे घेऊन उतारू किंवा माल नेण्यास अर्थातच मनाई. म्हणजे कायदा माणसाला करण्याचे स्वातंत्र्य देतो, पण त्यातील धोका झाकू देत नाही.

बांधण्याचे काम चालते ते असे. पूर्वी नुसते नकाशे मिळत. आता बहुतेक जण संच विकत घेतात. ओरेगॉनमधील रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन याच्या कंपनीचे अॅल्युमिनियमचे संच सर्वांत जास्त खपले. त्यांतून ११,००० हून अधिक विमाने उडाली आहेत. संच म्हणजे तयार विमान नव्हे. पत्रे, पट्ट्या, नळ्या यांच्या पेट्या येतात आणि पुढचे सारे आपण करायचे : कडा कानसायच्या, भोके पाडायची, भोकांच्या कडेची बारीक धार काढायची, तात्पुरते जोडून पाहायचे, सोडवायचे, गंजू नये म्हणून रंग द्यायचा, पुन्हा जोडायचे आणि मग रिव्हेट ठोकायचे. असे हजारो रिव्हेट लागतात. इथे जोडप्याचा संबंध येतो. रिव्हेट ठोकणे हे बहुतेक ठिकाणी एकट्याचे काम नाही. एकाने बाहेरून हवेची हातोडी चालवायची आणि दुसऱ्याने आतून पोलादी ठोकळा दाबून धरायचा. मागचे डोके रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट रुंद बसले पाहिजे. वाकडे बसले तर तो रिव्हेट ड्रिलने काढून दुसरा घालायचा. आत अरुंद पोकळीत हात घालून ठोकळा धरणारी पुष्कळदा बायको असते. कधी हातोडी तिच्याकडे आणि ठोकळा त्याच्याकडे. दोन माणसांच्या विमानाला दीड-दोन हजार तास सहज लागतात. रोज दोन तास धरले तर ती तीन वर्षे झाली, आणि पुष्कळांना त्याच्या दुप्पटही लागतात.

विमान तयार झाले म्हणजे लगेच दोघांनी फिरायला निघावे असे नाही. आधी साधारणपणे २५ किंवा ४० तास, नेमून दिलेल्या टापूतच, उतारू न घेता ते तपासून पाहावे लागते. कुठल्या वेगाला ते हवेत तग धरणे सोडते, चढते किती, इंजिन तापते किती, हे सारे कागदावर उतरते. मग पत्नीची जागा शेजारी.

यानंतरचे त्यांचे वर्ष कसे जाते? आम्हांला तर ते शेतकऱ्याच्या वर्षासारखे वाटते. सारे काही हवामानावर. हिवाळ्यात दर बारा महिन्यांची तपासणी उरकतात. झाकणे उघडायची, प्रत्येक नळकांड्यातील दाब मोजायचा, प्लग काढून साफ करायचे, तेलाची गाळणी कापून तिच्यात धातूचा कीस आला आहे का ते पाहायचे, सुकाणूच्या तारा, ब्रेक, टायर तपासायचे. ज्याने विमान बांधले त्याला त्या एका विमानापुरते तपासनिसाचे प्रमाणपत्र मिळू शकते. तेव्हा "विमान उडण्यास योग्य" या वाक्याखाली तो स्वतः सही करतो. त्याच विमानात आपली बायको बसवायची असते. अशी सही करताना डोळेझाक कोण करील?

वसंतात लहान फेऱ्या सुरू होतात. शे-दीडशे मैलांवरच्या गावी जेवून यायचे, नातवंडांना भेटून यायचे. मोटारीला तीन तास लागतील तिथे अशा वेगवान विमानाला एक तास पुरतो. पण जागा दोन, सामानाला वजन मोजून. नातवासाठी घेतलेली भेटसुद्धा तराजूत घालावी लागते. उन्हाळ्यात हवा विरळ होते, विमान उचलायला धावपट्टी जास्त लागते, म्हणून उंचावरच्या गावातून पहाटे निघतात. जुलैअखेर विस्कॉन्सिनमधील ऑशकॉश येथे संघटनेचा मेळा भरतो. तो १९७० पासून तिथे भरत आला आहे. आठवड्यात सुमारे दहा हजार विमाने येतात आणि कितीतरी जोडपी आपल्याच विमानाच्या पंखाजवळ तंबू ठोकून राहतात. पंढरीच्या वाटेवरल्या मुक्कामाची आठवण यावी, असा तो देखावा असतो. मग पानगळीचे दिवस येतात. पंखावर पहाटे हिम धरते; ते पातळ असले तरी पुसल्याशिवाय उडायचे नाही, कारण पंखाची उचल त्याने मोडते. आणि कित्येक दिवस ढग पाहून दोघे हँगरला कुलूप लावून घरी परततात. निवृत्तांना ही सोय मोठी : सोमवारी कामावर हजर व्हायचे नसते, म्हणून वादळात घुसण्याची सक्तीही नसते.

वयाचा हिशेबही चुकवून चालत नाही. दर २४ महिन्यांनी शिक्षकाबरोबर उडून आपली पारख करून घ्यावी लागते. वैद्यकीय तपासणीचा नियम २०१७ साली लहान विमानांपुरता सैल झाला, तरी डॉक्टर सुटलेला नाही. शेजारी बसणाऱ्यासाठी खास शिकवण्या असतात. चालवणाऱ्याला अचानक काही झाले, तर बिनतारी यंत्रावर हाक देऊन विमान सुखरूप खाली कसे आणावे, हे त्यांत शिकवतात. पुष्कळ स्त्रिया तिथून सुरुवात करून स्वतः परवाना घेतात.

आणि धोका? तो खरा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली अहवाल दिला, त्यात २०११चे आकडे आहेत. खाजगी व किरकोळ वापरातील विमानांत ही घरगुती विमाने सुमारे १० टक्के. पण अपघातांत त्यांचा वाटा १५ टक्के आणि प्राणघातक अपघातांत २१ टक्के. इंजिन बंद पडणे आणि विमान ताब्यातून सुटणे ही मुख्य कारणे. पहिल्या काही तासांत धोका अधिक. तसेच दुसऱ्याने बांधलेले विमान विकत घेऊन पुरते न शिकता उडवण्यातही अधिक. म्हणून मंडळाने अधिक कडक चाचण्या आणि अधिक शिकवण यांची शिफारस केली. हौस आहे म्हणून गुरुत्वाकर्षण सवलत देत नाही.

आता पैशाकडे वळू. संच, इंजिन, उपकरणे मिळून आज खर्च एक लाख डॉलरच्या पुढे सहज जातो. तो वर्षांत विभागलेला असतो, कित्येक जण जुने इंजिन घेतात, चार जण एका विमानात भागी करतात. तरी त्याला स्थिर उत्पन्न लागतेच. ते कुठून आले? अमेरिकेत वृद्धांसाठी सामाजिक सुरक्षेचा कायदा १९३५ साली झाला. १९४९ साली मोटार-कामगार संघटनेने फोर्ड कंपनीकडून निवृत्तिवेतन कबूल करून घेतले : ३० वर्षे नोकरी झालेल्यास ६५व्या वर्षी, सरकारी रक्कम धरून, महिना १०० डॉलर. १९५० साली क्रायस्लरच्या कामगारांना त्यासाठी १०४ दिवस संप करावा लागला. तिथल्या कामगाराच्या मोटारखान्यात म्हातारपणी जे अॅल्युमिनियमचे पत्रे आले, त्यांच्यावर या संपाचा शिक्का आहे. दिसत नाही एवढेच.

ही मिळकत कायमची नसते, हेही त्याच देशात दिसते. बोइंग कंपनीत विमाने घडवणाऱ्या यंत्रकामगारांचे जुने निवृत्तिवेतन २०१४च्या करारात गोठवण्याचे ठरले. २०२४ साली सुमारे ३३,००० कामगार ५३ दिवस संपावर गेले. चार वर्षांत ३८ टक्के पगारवाढ त्यांनी मिळवली. निवृत्तिवेतन मात्र परत मिळाले नाही. चार्ली टेलरच्या धंद्यातलीच ही माणसे! उद्या त्यांतले किती जण साठीनंतर स्वतःचे विमान बांधू शकतील, हा प्रश्न आम्हांला त्या ऑशकॉशच्या मेळ्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आमच्या मते खरी गोष्ट ही आहे. कारखान्यातला कामगार जन्मभर वस्तूचा एक तुकडा करतो. कुणी दरवाजाची बिजागरी, कुणी एकाच मापाचा बोल्ट. पूर्ण वस्तू त्याच्या हातून होत नाही, झालेली वस्तू त्याची नसते आणि तिच्यावर सही दुसऱ्याची असते. घरगुती विमानात पहिल्या भोकापासून शेवटच्या सहीपर्यंत सारे त्याचे. ज्या हातांना मालकाने एकच काम येते असे मानले, त्यांना किती कामे येतात हे निवृत्तीनंतर कळून येते.

आपल्याकडे हात कमी आहेत असे नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते प्रदर्शनात लोकांनी पाहिले, २०१७ साली त्याची नोंदणी झाली आणि २०१९ साली उड्डाणाच्या चाचणीस परवानगी मिळाली. ते निवृत्त नव्हते, नोकरी करणारे वैमानिक होते. निवृत्त कामगाराचे काय? आपली कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ साली आली आणि तिच्यातील किमान रक्कम २०१४ साली महिना १,००० रुपये ठरली. एवढ्या पैशात औषधाची चिठ्ठी पुरी होत नाही, हत्यारांची पेटी कुठून यायची?

सर्वांनी विमानेच बांधावीत असे आमचे म्हणणे नाही. कोणाला होडी बांधावीशी वाटेल, कोणाला हार्मोनियम, कोणाला नातीसाठी पाळणा. पण साठी उलटलेल्या मजुराला पहारेकऱ्याची नोकरी शोधत फिरावे लागते तोवर ते हुन्नर त्याच्याबरोबर मातीत जाते. अमेरिकेतील त्या जोडप्यांचे कौतुक जरूर करावे. मात्र घरी गेल्यावर आपापल्या गल्लीतील निवृत्त फिटर, टर्नर, जॉबर यांची एकवार विचारपूस करावी, की काका, तुम्हांला काय काय करता येते, आणि ते करायला तुमच्यापाशी काय नाही?